त्वचेचा कर्करोग : आपल्या अंगावर नेमकं कुठे बघायचं?

“मानेवरच्या तिळाला केस आलाय, काळजीचं आहे का?” “तीन वर्षांच्या नातीला सनस्क्रीन लावायला सांगू का?” “मला कोड आहे, पुढे कॅन्सर होईल का?” आरोग्याच्या सदराकडे अशी पत्रं वर्षभर येतात, उन्हाळ्यात जरा जास्तच. एक पत्र मात्र क्वचित येतं : “वडिलांच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा व्रण आहे. तिथे वर्षभर जखम आहे, भरतच नाही.” पहिल्या तिघांना बहुतेक वेळा निर्धास्त राहा असं सांगता येतं. या चौथ्याला मात्र आजच्या आज डॉक्टर गाठा असं सांगावं लागतं.

हा गोंधळ वाचकांचा दोष नाही. त्वचेच्या कर्करोगाची कारणं शोधणारं बहुतेक संशोधन ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोपातल्या गोऱ्या लोकांवर झालंय. संशोधन पक्कं आहे, पण ते जसंच्या तसं आपल्या अंगाला लावलं की आपण भलतीकडेच बघत बसतो. आपल्याकडे हा रोग मुळात कमी, आणि जो होतो त्यातला बराचसा उन्हापासून झाकलेल्या जागी होतो : तळव्यावर, नखाखाली, जुन्या व्रणात, क्वचित कमरेवरही.

आधी तीन नावं

अहवालात यांपैकी एखादं नाव दिसेल, म्हणून माहीत असलेली बरी.

- बेसल सेल कार्सिनोमा : बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या किंवा डोळ्याच्या कडेला. दूर पसरणं अगदी विरळ, पण दुर्लक्ष केलं तर नाक-पापणी कुरतडत जातो. आपल्याकडे तो अनेकदा काळसर, चकचकीत पुटकुळीसारखा दिसतो आणि तीळ म्हणून खपून जातो.
- स्क्वेमस सेल कार्सिनोमा : खरखरीत मांसल वाढ किंवा जाड कडांची जखम. जगभर बेसल सेल जास्त आढळतो, पण भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत हा पुढे असतो. जांघेतल्या, काखेतल्या गाठींपर्यंत पोचू शकतो.
- मेलानोमा : रंग तयार करणाऱ्या पेशींचा. आपल्याकडे विरळ, पण तिघांत सर्वांत घातक.

ऊन : कुणी जपायचं, कुणी निर्धास्त राहायचं

उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात, आणि ती इजा नीट दुरुस्त झाली नाही तर कर्करोगाची सुरुवात होऊ शकते, हे आता निर्विवाद आहे. कातडीतला रंग हे किरण अडवतो. अमेरिकेत १९७९ मध्ये केलेल्या मोजणीत काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं नैसर्गिक संरक्षण ‘एसपीएफ १३’च्या घरात निघालं, गोऱ्या त्वचेचं ३ च्या जरा वर. आपण बहुतेक जण या दोहोंच्या मधे कुठेतरी आहोत.

सनस्क्रीनचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नँबूर गावचा. तिथे रोज नेमाने क्रीम लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. पण ते गोऱ्या लोकांचं गाव, आणि ऊन क्वीन्सलँडचं. सावळ्या त्वचेच्या लोकांत असा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. वांग वाढू नये, चेहरा काळवंडू नये म्हणून क्रीम लावायचं तर जरूर लावा. निव्वळ कॅन्सरच्या धास्तीने दरमहा महागडी बाटली आणायची गरज नाही. नातीला टोपी आणि सावली पुरे.

कोड असलेल्यांनी तर ही भीती मनातून काढूनच टाकावी. पांढरे चट्टे उन्हात लवकर भाजतात, म्हणून ते झाकणं योग्य. पण कोडामुळे त्वचेचा कर्करोग वाढतो असं दिसलेलं नाही, उलट मेलानोमा कमी आढळल्याचे अभ्यास आहेत.

उन्हापासून खरोखर जपायला हवं ते या मंडळींनी :

- अल्बिनिझम असलेले, म्हणजे जन्मापासूनच कातडी, केस, डोळे यांत रंग नसलेले. यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन हे सगळं रोज हवं. अशा मुलाला शाळेत मैदानावरच्या कवायतीतून सूट मागायला संकोचू नका.
- झेरोडर्मा पिग्मेंटोसम असलेली मुलं. वर्ष-दोन वर्षांच्या वयातच चेहऱ्यावर दाट तपकिरी ठिपके, उजेडात डोळे मिटून घेणं, थोड्या उन्हानेही कातडी भाजणं ही लक्षणं. डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच यांच्यात जन्मतः अधू असते. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. दोष आई आणि बाबा दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न अशा नात्यातल्या विवाहांत शक्यता वाढते. पहिलं मूल असं असेल तर दुसऱ्याआधी जनुकीय सल्ला घ्या.
- मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाचं रोपण झालेले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन या औषधांनी धोका वाढतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत. वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडून सगळं अंग तपासून घ्यायचं, झाकलेल्या जागाही.
- सोरालेनच्या गोळ्या आणि अतिनील किरण असे उपचार वर्षानुवर्षं घेतलेले. किती बैठका झाल्या याची वही ठेवा.

जुना भाजल्याचा व्रण, न भरणारी जखम

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

स्टोव्हचा भडका, चुलीत पडलेला हात, अंगावर सांडलेलं उकळतं पाणी. भाजलेलं त्या वेळी बरं होतं, पण व्रणाची कातडी पातळ आणि ताठ राहते. गुडघ्यामागे, कोपराच्या खोबणीत, घोट्याजवळ ती हालचालीने ताणली जाते, फाटते, भरते, पुन्हा फाटते. ही उघडझाप वर्षानुवर्षं चालली की त्यातून स्क्वेमस सेल कार्सिनोमा उभा राहू शकतो. याला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी अशा जखमांचं वर्णन १८२८ मध्ये केलं होतं. भाजल्यापासून कर्करोगापर्यंत सरासरी ३० वर्षं जातात, त्यामुळे दोन्हींचा संबंध घरात कुणाच्या डोक्यातही येत नाही. दहाव्या वर्षी भाजलेला माणूस चाळिशीत जखम दाखवायला येतो.

भाजण्याखेरीज हेच इतरत्रही घडतं : व्हेरिकोज शिरांमुळे घोट्यावर राहिलेली जखम, हाडातून पू येणारं जुनं नासूर, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या बधिर तळव्यावरचे व्रण.

यांपैकी काहीही दिसलं तर ड्रेसिंगवर भागवू नका :

- तीन महिने होऊनही जखम भरलेली नाही, किंवा भरलेली पुन्हा उघडून वाढते आहे
- कडा जाड, कडक, बाहेर वळलेल्या, किंवा मधून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं मांस वर आलंय
- नवी दुर्गंधी, कापूस लावला तरी रक्त, पूर्वी नसलेलं दुखणं
- पायाची जखम असेल तर जांघेत, हाताची असेल तर काखेत गाठ

मधुमेह असेल तर आणखी एक खड्डा आहे. “साखर वाढलीय म्हणून भरत नाही” या एका वाक्यावर सहा महिने सहज निघून जातात. साखर वाढलेली असेलही, पण ती आटोक्यात येऊनही जखम तशीच असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा : “कडेचा तुकडा तपासायला पाठवायचा का?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

कमरेचा काच

जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात आपल्या वेशभूषेने घातलेली ही भर. टाटा मेमोरियल रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणारा त्वचेचा कर्करोग होता. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तोच नोंदवला.

कारण साधं आहे. परकराची नाडी रोज त्याच रेषेवर, साडीचं ओझं पेलायला करकचून बांधलेली, त्यात घाम आणि धूळ. आधी काळपट किंवा फिकट पट्टा उमटतो, मग खाज, खवले, कातडी जाड. बहुतेकींचं प्रकरण इथेच थांबतं, आणि एवढ्याने घाबरायचं काही कारण नाही. काच लाखोंना असतो, कर्करोग अगदी विरळ. पण त्या पट्ट्यात चीर पडून ती भरली नाही, किंवा गाठ आली, तर मलम बदलत बसू नका.

- नाडीऐवजी नेफ्यात दोन-तीन बोटं रुंद पट्टी किंवा इलॅस्टिक घाला.
- रोज तीच रेषा नको. कधी बोटभर वर, कधी खाली.
- रात्री काच सैल करा, जागा कोरडी ठेवा.
- आई, आजी, सासूबाई स्वतःहून कंबर दाखवणार नाहीत. तुम्हीच विचारा.

काश्मीरची कांगडी याच जातीची. फिरन या सैल झग्याच्या आत पोटाशी, मांड्यांशी धरलेली निखाऱ्यांची शेगडी आणि तिथेच होणारा कर्करोग, याची नोंद डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये केली. आपल्याकडे कंबरदुखीवर रोज त्याच जागी गरम पाण्याची पिशवी धरून तपकिरी जाळी उमटली असेल, तर शेकणं कमी करा.

तळवा आणि नख

भारतीयांतला मेलानोमा तळपाय, तळहात, नख या जागी ठळकपणे दिसतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलानोमाच्या गाठींचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा उघड्या त्वचेवरच्या गाठींत उन्हाने केलेल्या बिघाडांची गर्दी होती. तळव्या-नखांच्या गाठींत तसं चित्र नव्हतं. तळव्यावरच्या मेलानोमाचं नेमकं कारण अजून हाती आलेलं नाही, त्यामुळे तो टाळण्याचा उपायही नाही. उपाय एकच, लवकर ओळखणं. गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलानोमाने.

बघायचं कसं? अंघोळीनंतर पाय कोरडे करून खिडकीजवळ स्टुलावर बसा. दोन्ही तळवे, टाचांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, नखं. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरातल्या कुणाला बघायला लावा. डाग असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे पुढच्या महिन्यात ताडता येईल.

डाग कुठेही असो, या गोष्टी बघा : दोन अर्धी सारखी नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही, सहा मिलिमीटरहून मोठा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बदलतो आहे. बदलत नसलेल्या जुन्या तिळाला नुसता केस आला, तर त्याची चिंता नको.

नखावर काळी रेघ असेल तर आधी नखं मोजा. सावळ्या माणसांत अनेक नखांवर रेघा असणं नेहमीचं. काळजीची ती एकाच नखावरची, मोठेपणी आलेली, मुळाशी रुंद होत जाणारी, किंवा जिचा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरलाय अशी. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. रेघ मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते.

कुरूप समजून जे होतं ते मात्र जास्त धोक्याचं. काही मेलानोमांना रंगच नसतो, ते कुरूप किंवा लाल मांसासारखे दिसतात. लोक कुरुपाची पट्टी लावतात, ब्लेडने तासतात, चुना-सोडा लावून जाळतात, रस्त्याकडेच्या माणसाकडून काढून घेतात. कुरूप सहसा दाबाच्या जागी येतं. भलत्या जागी आलं, रक्त आलं किंवा पट्ट्या लावूनही दोन महिन्यांत गेलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

पाणी, डांबर, गोळ्या

पाण्यातलं आर्सेनिक हे त्वचेच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. पश्चिम बंगाल सर्वांना ठाऊक असतो, पण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा भागातही ते सापडलंय. तळवे खरखरीत दाणेदार होणं, अंगावर फिकट-गडद ठिपके पसरणं ही आधीची खूण. तिकडे घर, शेती किंवा नोकरी असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा. उकळून आर्सेनिक जात नाही.

डांबर, काजळी आणि नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं यांचा दोष फार जुना. लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांतला कर्करोग पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये काजळीशी जोडला होता. लेथवर किंवा डांबराच्या कामावर असाल तर तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगावर ठेवू नका, आणि ती घरच्या कपड्यांत धुऊ नका. डांबर, पिच, बिट्युमेन, खनिज तेल यांमुळे झालेला त्वचेचा कर्करोग १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी अनुसूची आहे. भरपाई मागायची तर कामाचा पूर्ण इतिहास डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला लावा. नंतर सांगून भागत नाही.

रक्तदाबाच्या हायड्रोक्लोरोथायझाइड गोळीबद्दल बरेच जण विचारतात. डेन्मार्कमधल्या २०१८ च्या अभ्यासात दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांत त्वचेचे कर्करोग जास्त दिसले. ते गोरे लोक होते आणि वाढलेला कर्करोग मुख्यतः उन्हाशी निगडित होता. गोळी आपल्या मनाने सोडलीत तर पक्षाघाताचा धोका कितीतरी जवळचा. अल्बिनिझम, रोपण किंवा आधीचा त्वचेचा कर्करोग असेल तरच पर्यायाविषयी डॉक्टरांशी बोला.

अशी कुठलीही बातमी वाचताना दोन गोष्टी शोधा : अभ्यास कुणाच्या त्वचेवर झाला, आणि “दुप्पट धोका” म्हणजे कशाच्या दुप्पट. लाखात एकाचे लाखात दोन झाले तरी दुप्पटच होतं.

डॉक्टरांकडे जाताना

१. आधी त्वचारोगतज्ज्ञ. ब्यूटी पार्लर, लेझर केंद्र नको. जुनी जखम असेल तर सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन.

२. निदानाआधी डाग लेझरने किंवा विजेच्या सुईने जाळू देऊ नका. जळालेलं तपासता येत नाही आणि उरलेलं आत वाढत राहतं.

३. “लोखंड लागलं की कॅन्सर भडकतो” ही समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकायला मिळेल. बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासल्याने, रोग भडकत नाही. ती जागा बधिर करून होते आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येतं.

४. मेलानोमाचा संशय आणि डाग लहान असेल, तर शक्यतो पूर्ण डाग थोड्या कडेसह काढतात. मोठ्या जुन्या जखमेत कडेचे एकाहून जास्त तुकडे घ्यावे लागतात. पहिला अहवाल “कॅन्सर नाही” आला आणि जखम मात्र वाढतच असेल, तर पुन्हा बायोप्सी मागा.

५. अंगावरून जे काही काढलं, चामखीळ म्हणून काढलेलंसुद्धा, ते तपासणीला गेलं का हे विचारून घ्या.

मेलानोमाच्या अहवालात ‘ब्रेस्लो’ जाडी, म्हणजे गाठ किती खोल गेली आहे ते, मिलिमीटरमध्ये हवी, वरची कातडी फुटली आहे का आणि कडा मोकळ्या आहेत का हेही हवं. पुढचे उपचार यावरच ठरतात.

कागद आणि हक्क

- डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत तुमच्या उपचारांच्या नोंदी मिळायला हव्यात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.
- अहवालाबरोबर स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागा. दुसरं मत घेताना तेच लागतात. टाटासारखी मोठी केंद्रं बाहेरच्या स्लाइड स्वतः तपासून बघतात. ब्लॉक कुरिअरने पाठवण्यापेक्षा हातात न्या आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.
- दुसरं मत घेतलं म्हणून पहिल्या डॉक्टरांनी उपचार नाकारणं योग्य नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावलेलं असायला हवं. ते कुठे आहे, विचारा.
- तुमचा तुकडा संशोधनासाठी वापरायचा असेल तर वेगळी संमती घ्यावी लागते. नकार दिलात तरी उपचारात फरक पडता कामा नये. संमती द्यायला मात्र माझा आग्रह राहील. आपल्या तळव्यांवरचं आणि व्रणांवरचं संशोधन आपल्याच तुकड्यांवर होणार आहे.

खर्च

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यानुसार कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमची शस्त्रक्रिया तिथे बसते का हे दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या योजनेच्या ‘आरोग्यमित्र’ खिडकीवर विचारा, कारण आधी पैसे भरून नंतर परत मिळवणं अवघड असतं. बाह्यरुग्ण विभागातल्या बायोप्सीचा खर्च सहसा स्वतःचाच धरून चाला. आणि बायोप्सीचा अहवाल यायची वाट बघत असाल, त्या आठवड्यात रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का तेवढं बघून ठेवा. मंजुरी तिथेच अडकू शकते.